मात्रा

अमरिलोत वारा पडला की लोक दचकतात.
त्या रात्री तो पडला होता
आणि एकाने काउंटरवर कागद सरकवला:
ऑक्सिकोडोन, सगळ्या, ओरडू नकोस.
अक्षर सुवाच्य. आमच्या डॉक्टरांहून कितीतरी.

शनिवारी मी वेंडलच्या दुकानात.
काचेखाली निजलेली पिस्तुलं,
दोऱ्याने बांधलेल्या किमतीच्या चिठ्ठ्या,
इस्पितळात तान्ह्यांच्या पायाला असतात तशा.
तळमजल्यावर दुसऱ्यांच्याही असतात.

ट्वेंटी-टू? वेंडल म्हणाला,
मॅडम, त्यानं माणूस फक्त चिडतो.
कोपऱ्यात काडतुसं मोजणारा त्याचा मेहुणा म्हणाला,
चिडू दे की. छातीत भोक पडल्यावर
पुढे चालत येणारा मी अजून पाहिला नाही.
पाहिलेस किती?
एकही नाही. म्हणूनच सांगतो.

मिस लोरीन, वय एक्याऐंशी,
पर्समधून आपलं थर्टी-टू काढून काचेवर ठेवतात,
चष्म्याची डबी ठेवावी तसं.
बघ, हिची नळी बिजागरीवर उघडते.
बोटांत जोर लागत नाही, माझ्या तर राहिलाच नाही.
मोठं घेशील तर ते ड्रॉवरमध्ये राहील.
चोर काय ड्रॉवरपाशी थांबणारे?

योलांडाचा फोन: थ्री-एटीच्या खाली उतरू नका,
फक्त मनगट झिणझिणतं, माझ्या आईनं नवव्या दिवशी विकलं.

सव्वीस वर्षं हाच वाद ऐकते आहे मी.
पाच मिलिग्रॅम पुरेल का दहा?
वजन किती, वय किती, अर्धी तोडून चालेल?
पट्टीने पाच-पाच करत मोजायच्या गोळ्या,
पाच, दहा, पंधरा, बाटलीत.
आमच्या भाषेत दोन्हींना शब्द एकच आहे
हे मी वेंडलला सांगितलं नाही.
कमीत कमी किती दिलं की गुण येतो
आणि माणूस राहतो,
एवढंच तर शिकले होते.
इथे प्रश्नाचा पहिला अर्धाच
सगळे हिरिरीने सोडवत होते.

थर्टी-टू घेतलं. हात लहान, दुसरं कारण नाही.
उपेंद्र म्हणाला, घरात नको.
मग किंमत विचारली.
मग तळहातावर तोलून पाहिलं,
आणि जरा हिरमुसला: एवढंच?

वर्षभर ते डब्याच्या पिशवीच्या आतल्या कप्प्यात.
पिशवी एका बाजूला कलते, मी दुसऱ्या.
बदली आलेली पोरगी विचारते, मान दुखते का हो?
तो माणूस पुन्हा आला नाही.
आले ते इन्सुलिनचा आकडा ऐकून
टोपी डोळ्यांवर ओढत परत जाणारे.
एकजण तर थँक यू म्हणाला.
त्यांना अडवायला माझ्याकडे
कुठल्याच मापाचं काही नव्हतं.

काल साफ करायला नेलं.
वेंडलने फडकं अंथरलं, नळी उघडली, मॅगझिन झटकलं.
धागे. डब्याखालच्या कागदाचा कपटा.
आणि एक हिरवट दाणा, रेघारेघांचा.
चिमटीत धरून त्यानं दिव्यापुढे नेला.
हे काय आहे?
बडीशेप, म्हटलं. जेवण झाल्यावरची.

त्यानं तो जिभेवर ठेवला, हळूच चावला.
ज्येष्ठमधासारखं लागतं, म्हणाला.
मग पुन्हा दुकानदाराच्या आवाजात:
पहिली सुटली असती, मॅडम. दुसरी अडकली असती.

एक पुरते, मेहुणा म्हणाला, मान वर न करता.
थर्टी-टूची? एक?
कुठे लागते त्यावर आहे.

दोघं परत सुरू झाले.
मी पिशवी उलटी करून दारात झटकली.
बाहेर वारा होता, गुरांच्या गोठ्यांचा वास घेऊन आलेला,
उरलेले दाणे त्यानं कुठे नेले, दिसलं नाही.